जिल्हा तालीम संघ (खानदेश)

जिल्हा तालीम संघ म्हणजे जिल्ह्यातल्या कुस्तीचा कारभार पाहणारी नोंदणीकृत संस्था. काही ठिकाणी तिला जिल्हा कुस्तीगीर संघ म्हणतात. गावोगावचे आखाडे तिला संलग्न असतात आणि ती स्वतः राज्याच्या संघटनेला. ही राज्य संघटना म्हणजे १९५३ साली स्थापन झालेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद. खानदेशात बोलताना लोक आखाडा किंवा व्यायामशाळा म्हणतात. ‘तालीम’ म्हणजेही तेच, हा शब्द पुण्या-कोल्हापूरकडे जास्त चालतो.

खानदेश या नावाने मात्र कुस्तीत मल्लांचा चमू उतरत नाही. तालीम संघाची हद्द ठरते ती कलेक्टर कचेरीच्या हद्दीवरून. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. शहादा-तळोद्याच्या पहिलवानाला ही वाटणी फायद्याची ठरली. राज्य अधिवेशनात, म्हणजे राज्य पातळीच्या स्पर्धेत, जिल्ह्याला दर वजनगटात ठरावीकच जागा मिळतात, त्यामुळे दोन जिल्ह्यांचे तीन झाले तशा खानदेशाच्या जागाही वाढल्या. शालेय स्पर्धा तालीम संघाकडे नसतात. त्या जिल्हा क्रीडा अधिकारी घेतात. तिथे हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात मोडतात, म्हणजे पुढच्या फेरीत गाठ नाशिकच्या पोरांशी. सगळ्या खानदेशाची मिळून एकच निवड होते ती विद्यापीठाची, कारण १९९० साली जळगावात सुरू झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे (आताचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) कार्यक्षेत्र नेमके हेच तीन जिल्हे आहेत.

संघाची खरी सत्ता दिसते निवड चाचणीच्या दिवशी. सकाळी वजनकाट्यापुढे रांग लागते. आधार कार्ड, जन्मदाखला, आखाड्याचे पत्र, दोन फोटो. यातले एक जरी विसरले तरी पोराचा वस्ताद संघाच्या सचिवापाशी हात जोडून उभा. महाराष्ट्र केसरी गटाखाली ५७ ते ९७ किलोपर्यंतचे वजनगट असतात आणि प्रत्येक गट दोनदा खेळवला जातो, एकदा मातीवर आणि एकदा गादीवर, म्हणजे मॅटवर. केसरी गटात मातीचा विजेता आणि गादीचा विजेता यांची गाठ शेवटी राज्याच्या अधिवेशनात पडते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लावताही कुस्ती संपते. गावातल्या जुन्या माणसाला हे आजही पटत नाही. त्याच्या लेखी चीत झाल्याशिवाय कुस्ती झालीच नाही. पंचांवरचे निम्मे भांडण इथूनच सुरू होते, उरलेले निम्मे काका-मामांच्या नात्यावरून.

गावच्या यात्रेतली दंगल, म्हणजे इनामी कुस्त्यांचा फड, संघाच्या ताब्यात नसते. जोडी लावायची कोणाची, इनाम किती आणि शेवटची कुस्ती कोणात, हे सगळे यात्रेचे पंच ठरवतात. सुरुवातीला लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या होतात, मग आकडा चढत जातो. मालेगाव, बऱ्हाणपूरकडचे मल्लही येऊन रोख इनाम घेऊन जातात. पहिलवानाच्या खुराकाचा खर्च बराचसा या दंगलींवरच निघतो. पण दंगल कितीही मारली तरी तिचा कागद, म्हणजे प्रमाणपत्र, मिळत नाही. कागद देतो तो संघ.

आणि कागदालाच किंमत आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पोलीस भरतीतही ते चालते. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे अधिकृत स्पर्धांचीच असावी लागतात आणि क्रीडा खात्याकडून त्यांची पडताळणी होते. शेती कोरडवाहू आणि घरात तीन भाऊ असतील, तर आखाड्यात जाणाऱ्या पोराच्या डोळ्यापुढे गदेआधी खाकी वर्दी असते. यात वावगे काही नाही. मात्र त्यामुळे जिल्हा संघाची एक सही नको इतकी वजनदार होऊन बसते.

ती सही कोणाची धरायची, हाच प्रश्न अलीकडे उभा राहिला. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने राज्य परिषद बरखास्त केली, वाद कोर्टात गेला, राज्यात दोन गट झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीच दोन झाले: पुण्याजवळच्या फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. अशा वेळी जिल्ह्यातल्या मल्लापुढचा पेच साधा असतो. कोणत्या गटाच्या चाचणीला जायचे, आणि उद्या प्रमाणपत्र कोणाचे ग्राह्य धरतील?

मुलींची कुस्ती या रचनेत उशिरा आली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली, ती प्रतीक्षा बागडीने जिंकली.

खेळ वाढवणे हेही संघाच्या घटनेत लिहिलेले काम. पण त्यासाठी पैसा बहुधा देणगीदाराचा, गादी क्रीडा संकुलाची किंवा शाळेची आणि वेळ वस्तादाचा. संघ निवडू शकतो, घडवणे त्याच्या हातात फारसे नाही. विजय चौधरी चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे. २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी किताब त्यांनी जिंकला, पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. त्यांची वरच्या पातळीची तयारी मात्र पुण्यात झाली. दूध-बदामाचा खर्च झेपला की खानदेशातली चांगली पोरे आजही पुण्याची वाट धरतात.

मागे राहतात ते गावाकडचे आखाडे. तिथेही अडचण मातीपासूनच आहे. खानदेशाची जमीन काळी, कपाशीची. पावसात चिकटते, उन्हात भेगाळते, तिच्यात आखाडा होत नाही. तांबडी माती बाहेरून आणावी लागते. ती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद आणि लिंबू मुरवावे लागते, आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा भर घालावी लागते. ट्रॉलीचे भाडे आखाड्यातली पोरे वर्गणी काढून भरतात.