पाकिटावरचा प्रेषक आणि पत्राखालची सही

आमच्या घरातल्या लग्नपत्रिका पोस्टाने जात तेव्हा पाकिटाच्या कोपऱ्यात ‘प्रेषक’ म्हणून नौपाड्यातल्या धाकट्या काकांचं नाव असे. आत निमंत्रक म्हणून गावच्या आजोबांचं नाव छापलेलं. यात कुणाला वावगं वाटत नसे. पत्ता सापडला नाही की पाकीट काकांच्या दारात परत येई. पोस्टमन आतली पत्रिका उघडून आजोबांचं गाव शोधत बसत नसे.

ईमेललाही असेच दोन पाठवणारे असतात. मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर आलेली मेल सगळ्या सदस्यांना पोचवणारी यादी) चालवताना मेल का पोचत नाही हे शोधायला बसलं की बहुतेक वेळा गोंधळ होतो तो या दोघांना एकच समजल्यामुळे.

पहिला पाकिटावरचा. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा पाठवणारा सर्व्हर ‘मेल फ्रॉम’ म्हणून एक पत्ता सांगतो. मेल पोचली नाही तर परतीची सूचना याच पत्त्यावर येते. वाचणाऱ्याला तो दिसत नाही, शेवटचा सर्व्हर फक्त ‘रिटर्न-पाथ’ या ओळीत त्याची नोंद ठेवतो. दुसरा पत्रातला, म्हणजे मेल उघडल्यावर वर दिसते ती ‘फ्रॉम’ची ओळ. ही फारकत पहिल्यापासूनची आहे. १९८२ च्या ऑगस्टमध्ये दोन वेगळी मानकं निघाली (इंटरनेटच्या अशा क्रमांकित दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात), आरएफसी ८२१ वाहतुकीचं आणि आरएफसी ८२२ पत्राच्या मांडणीचं. आजची ५३२१ आणि ५३२२ ही त्यांचीच पुढची रूपं.

साध्या मेलमध्ये दोन्ही जागी एकच पत्ता असतो, म्हणून फरक जाणवत नाही. लिस्टवर ते वेगळे होतात आणि व्हायलाच हवेत. सही लिहिणाऱ्याची, प्रेषक लिस्ट. तसं नसतं तर बंद पडलेल्या प्रत्येक पत्त्यावरून परतलेलं पाकीट लिहिणाऱ्याच्या माथी आलं असतं.

मी ठाणे खाडीच्या पक्षीनिरीक्षकांची एक लिस्ट सांभाळते. सर्व्हर महाप्याला भाड्याने घेतलेला, त्यावर मेल पाठवायला पोस्टफिक्स आणि लिस्ट सांभाळायला मेलमॅन. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो सीवूड्सच्या टी. एस. चाणक्य पाणथळीकडे सरकतात, त्यामुळे मोसमात आमची एक सदस्य रोज भरती-ओहोटीच्या वेळा लिस्टवर टाकते. ऑफिसच्या पत्त्यावरून. एका संध्याकाळी ऐरोलीहून एका ज्येष्ठ सदस्यांचा फोन आला. “मला लिस्टमधून काढलंस का गं? आधी भरतीच्या वेळा येईनाशा झाल्या, आज तर काहीच नाही.” “नाही हो काका, बघते,” म्हटलं आणि सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला. काका एकटे नव्हते. जीमेलवरच्या जवळजवळ सगळ्या सदस्यांची डिलिव्हरी बंद झालेली होती.

लॉगमध्ये भरतीच्या मेलपुढे ‘५५० ५.७.२६’ असा नकार होता. ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार, ४ ने सुरू होणारा म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न कर. नकारात ‘पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही’ अशा अर्थाचा मजकूर होता. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये ‘फ्रॉम=’पुढे लिस्टचा पत्ता दिसत होता, म्हणून मी आमच्याच डोमेनचा (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचा) एसपीएफ रेकॉर्ड, म्हणजे त्या नावाने कुठून मेल पाठवता येते त्याची यादी, तपासत बसले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. रेकॉर्ड पहिल्यापासून बरोबर होता. लॉगमधला तो ‘फ्रॉम=’ पाकिटावरचा असतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. नकार आला होता तो पत्रातल्या ‘फ्रॉम’मुळे.

एसपीएफ पाकिटावरचा पत्ता पाहतो. त्या पत्त्याच्या डोमेनने या आयपीवरून (सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून) मेल पाठवायला परवानगी दिली आहे का, एवढंच तो विचारतो. आमच्या डोमेनने दिली होती, एसपीएफ पास. डीकेआयएम पाकिटाकडे बघतच नाही. ती मजकुरावर आणि वरच्या काही ओळींवर मारलेली मोहोर आहे, आतलं काही बदललं की तुटते. आणि डीएमएआरसी पत्रातल्या ‘फ्रॉम’पासून सुरुवात करतं. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी पास हवं, आणि तेही ‘फ्रॉम’मधल्याच डोमेनच्या नावाने.

खरी गोम या शेवटच्या अटीत आहे. आमचा एसपीएफ पास झाला तो लिस्टच्या नावाने, ‘फ्रॉम’मध्ये मात्र भरतीच्या वेळा टाकणाऱ्या सदस्याच्या ऑफिसचं डोमेन. पाकिटावरच्या काकांचं ओळखपत्र दाखवून आजोबांची सही खरी ठरत नाही. उरली डीकेआयएमची मोहोर. ती टिकली असती, पण आमची लिस्ट विषयाच्या आधी कंसात ‘खाडी’ घालत होती आणि तळाला सूचनेच्या दोन ओळी जोडत होती. मोहोर तुटली. तिच्या ऑफिसने त्याच आठवड्यात डीएमएआरसीचं धोरण ‘रिजेक्ट’वर, म्हणजे तपासणीत न बसणारी मेल नाकारा यावर, नेलं होतं, त्यामुळे जीमेलने मेल दारातूनच परत केली. लिस्टच्या एसपीएफमध्ये काहीही घातलं असतं तरी फरक पडला नसता.

परतलेली पाकिटं नियमाप्रमाणे लिस्टकडे आली. मेलमॅन प्रत्येक सदस्याच्या नावे परतीचे गुण मोजतो, दिवसाला जास्तीत जास्त एक, आणि मूळ मांडणीत ५ गुण झाले की डिलिव्हरी थांबवतो. भरतीच्या वेळा रोज जात होत्या. पाचव्या दिवशी सगळे एकदम बंद. सदस्यांचे पत्ते चालू होते, दोष सहीचा होता, शिक्षा मात्र घेणाऱ्यांना झाली. मला याचंच सर्वांत वाईट वाटलं, कारण काकांसारखी माणसं फोन करतात, बाकीचे आपल्याला वगळलं असं समजून गप्प बसतात.

हे आमच्याच नशिबी आलं असं नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने आपल्या डोमेनचं धोरण ‘रिजेक्ट’ केलं, पाठोपाठ एओएलनेही, आणि जगभरच्या लिस्ट अशाच कोलमडल्या. त्यानंतर मेलमॅनमध्ये यावरचा उपाय आला. लिहिणाऱ्याचं डोमेन कडक असेल तर लिस्ट ‘फ्रॉम’मध्ये स्वतःचा पत्ता घालते, नावात ‘अमुक, व्हाया लिस्ट’ असं लिहिते आणि मूळ पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये ठेवते. मग सही आणि प्रेषक दोन्ही लिस्टच्याच डोमेनचे होतात. दुसरा मार्ग म्हणजे मेलला हातच न लावणं. विषयात भर नाही, तळटीप नाही, मग मूळ मोहोर शाबूत राहते. मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, पण आमच्या सदस्यांना विषयातला तो कंस हवा होता, म्हणून पहिला स्वीकारला.

एआरसी नावाची तिसरी सोयही आहे, २०१९ चं आरएफसी ८६१७. ‘माझ्याकडे आली तेव्हा मोहोर शाबूत होती’ अशी साक्ष त्यात लिस्ट देते. पण त्या साक्षीवर विश्वास ठेवायचा की नाही हे घेणारा सर्व्हर ठरवतो. तिच्यावरच विसंबून राहू नये.

पाकिटावरचा पत्ता वाचकाला दिसत नाही याचा उपयोगही करून घेता येतो. व्हर्प या पद्धतीत प्रत्येक सदस्याच्या पाकिटावर वेगळा परतीचा पत्ता असतो, सदस्याचा पत्ता त्यातच गुंफलेला. एखाद्याने मेल दुसरीकडे वळवली असेल तर परतीच्या सूचनेत भलताच पत्ता येतो आणि हा कोण ते कळत नाही. व्हर्प असेल तर पाकीट कुणाचं होतं ते लगेच समजतं. परतीच्या सूचनांना स्वतःचा प्रेषक नसतो. फेरे सुरू होऊ नयेत म्हणून तो रिकामा ठेवलेला असतो. रिकाम्या प्रेषकाच्या मेल सर्व्हरवर अडवू नका, नाहीतर काय परत आलं ते लिस्टला कळणारच नाही.

आपल्या लिस्टचं काय चाललंय ते पाहायला लॉगच हवा असं नाही. जीमेल संगणकावर उघडून पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबा. ‘मेल्ड-बाय’ हे पाकिटाचं डोमेन, ‘साइन्ड-बाय’ हे मोहोरेचं. ती दोन्ही ‘फ्रॉम’शी ताडून पाहा. एक तरी जुळायला हवं. लिस्ट मोठी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०२४ च्या फेब्रुवारीपासून दिवसाला ५००० च्या वर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी तिन्ही मागितले जातात. ५००० पुष्कळ वाटतात, पण ३०० जीमेल सदस्य आणि दिवसभरात १७ मेल, की झाले ५१००.

‘फ्रॉम’ बदलल्यानंतर बंद झालेले सदस्य आपोआप परत येत नाहीत. मी सगळ्यांची डिलिव्हरी एकेक करून सुरू केली, परतीचे गुण पुसले आणि काय झालं होतं ते दोन ओळींत सगळ्यांना कळवलं. सुरुवात काकांपासून केली.