राष्ट्रीय पोल आणि राज्यांचे पोल: व्हाइट हाउसचा अंदाज नेमका कशावरून बांधायचा?

अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक जवळ आली की एकाच बातमीत दोन प्रकारचे आकडे शेजारी शेजारी छापले जातात. एक देशभरातल्या चाचणीचा, दुसरा पेनसिल्व्हेनिया किंवा विस्कॉन्सिनसारख्या एखाद्या राज्याचा. दोन्हींत टक्के, दोन्हींत आघाडी, दोन्हींखाली 'अधिक-उणे तीन' असं काहीतरी बारीक अक्षरांत. त्यामुळे राज्याचा पोल म्हणजे राष्ट्रीय पोलचाच कापलेला तुकडा, असा समज सहज होतो. पण दोघं उत्तर देतात ते प्रश्न वेगळे आहेत आणि दोघांची चुकायची तऱ्हाही वेगळी आहे. (हे दोन्ही मतदानाआधीचे पोल. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारतात तो एक्झिट पोल. त्याचा इथे संबंध नाही.)

राष्ट्रीय पोल सांगतो की देशभरातल्या एकूण मतांत कोणाचा वाटा किती असेल. गंमत अशी की अध्यक्ष निवडताना ही एकूण बेरीज कुठेच वापरली जात नाही. निवड होते ५३८ इलेक्टरांच्या, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या, मतांनी: प्रतिनिधिगृहाच्या जागांइतके ४३५, सिनेटच्या जागांइतके १०० आणि राजधानी वॉशिंग्टनचे ३. जिंकायला २७० लागतात. ४८ राज्यांत आणि राजधानीत एका मताने का होईना, जो पुढे त्याला तिथले सगळे इलेक्टर मिळतात. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं आपले काही इलेक्टर काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) मतदारसंघांनुसार वाटतात. कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटिक उमेदवाराला आणखी दहा लाख मतं पडली तर राष्ट्रीय टक्का वाढतो, इलेक्टर मात्र एकही वाढत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी मतदाराचं मत राष्ट्रीय पोलमध्ये इतर कोणाइतकंच मोजलं जातं. पण न्यू जर्सीचे इलेक्टर १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडेच गेले आहेत, त्यामुळे दोन्ही पक्षांचा प्रचार तिथे फारसा फिरकत नाही.

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख ७० हजार मतं जास्त पडली, म्हणजे २.१ टक्क्यांची आघाडी. ट्रम्प जिंकले ते मिशिगनमध्ये १०,७०४, विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनियात ४४,२९२ मतांनी. त्या वर्षी शेवटच्या राष्ट्रीय सरासऱ्या क्लिंटन यांना तीन-चार टक्क्यांनी पुढे दाखवत होत्या. म्हणजे राष्ट्रीय पोल फारसे चुकले नव्हते. चुकले ते राज्यांचे.

मग राष्ट्रीय आकडा टाकूनच द्यायचा का? तसं नाही. त्याचं आणि राज्यांचं नातं कळण्यासाठी 'निर्णायक राज्य' शोधायचं. विजेत्याची राज्यं मोठ्या फरकापासून लहान फरकाकडे लावायची आणि त्यांचे इलेक्टर बेरजेत टाकत जायचं. ज्या राज्यावर २७० चा आकडा गाठला जातो, ते निर्णायक. तिथला फरक आणि देशभरातला फरक यांच्यात किती अंतर आहे, ते पाहायचं.

२०१२ मध्ये ओबामा देशभरात ३.९ टक्क्यांनी जिंकले आणि निर्णायक ठरलेल्या कोलोरॅडोत ५.४ टक्क्यांनी. इलेक्टोरल गणित तेव्हा डेमोक्रॅटांच्या बाजूला झुकलेलं होतं. चारच वर्षांनी निर्णायक विस्कॉन्सिन ट्रम्प यांच्याकडे ०.८ टक्क्याने गेलं, तर देशात क्लिंटन २.१ ने पुढे; म्हणजे जवळजवळ तीन टक्क्यांचा कल रिपब्लिकनांकडे. २०२० मध्ये बायडन देशात ४.५ टक्क्यांनी जिंकले, पण विस्कॉन्सिनमध्ये जेमतेम ०.६ ने. अंतर चारच्या घरात. त्यानंतर 'डेमोक्रॅटला जिंकायचं तर देशभरात तीन-चार टक्के आघाडी हवीच' हा नियम सर्रास सांगितला जाऊ लागला. २०२४ मध्ये ट्रम्प देशात १.५ टक्क्यांनी जिंकले आणि निर्णायक पेनसिल्व्हेनियात १.७ ने. अंतर जवळपास संपलं, नियमही संपला. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या सुरक्षित राज्यांत डेमोक्रॅटांची आघाडी घटली, स्विंग राज्यांत (जी कधी एका, कधी दुसऱ्या पक्षाकडे जातात) ती त्या मानाने कमी घटली, एवढंच झालं होतं. हे अंतर आधीच्या निवडणुकीवरून गृहीत धरणं धोक्याचं आहे, आणि ते चालू निवडणुकीत कुठे सरकतंय याची खूण फक्त राज्यांच्या पोलमधून मिळते.

म्हणजे योग्य प्रश्न राज्याचा पोलच विचारतो. अडचण अशी की त्याचं उत्तर देण्याची ताकद कमी असते.

पहिली गोष्ट नमुन्याची. १,००० जणांच्या नमुन्याला सुमारे ३.१ टक्क्यांची त्रुटिमर्यादा (तेच ते 'अधिक-उणे') असते, ६०० जणांच्या नमुन्याला ४ टक्क्यांची. ही मर्यादा एकेका उमेदवाराच्या टक्क्याला लागते, दोघांमधल्या आघाडीला नाही, आणि बातम्यांत नेमकं हेच निसटतं. आघाडीची मर्यादा जवळपास दुप्पट होते, कारण एकाचा टक्का चुकून वाढतो तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्याचा घटतो. ८०० जणांच्या पोलमध्ये ४८ विरुद्ध ४६ असं चित्र असेल तर दोन टक्क्यांच्या त्या आघाडीवर अधिक-उणे ६.७ टक्क्यांची अनिश्चितता आहे. अशा पोलवर 'अमुक पुढे' असा मथळा देण्यात अर्थ नाही.

आणि ही झाली फक्त नशिबाने होणारी चूक. १९९८ ते २०१४ या काळातल्या ६०८ राज्यस्तरीय निवडणुकांचे ४,२२१ पोल तपासणाऱ्या एका अभ्यासात प्रत्यक्ष चूक छापलेल्या मर्यादेवरून वाटते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. उरलेली चूक नमुन्याच्या आकारातून येत नाही. फोन कोण उचलतं, ऑनलाइन पॅनेलवर कोण बसलंय, मतदानाला खरंच कोण जाणार याचा अंदाज कसा बांधला, यातून ती येते. हजारऐवजी पाच हजार माणसांना विचारलं तरी ती जात नाही.

२०१६ मध्ये विस्कॉन्सिन, मिशिगन अशा राज्यांत नेमकं हेच घडलं. कॉलेजचं शिक्षण झालेले लोक पोलला उत्तर देण्याची शक्यता जास्त असते. अनेक राज्यस्तरीय संस्थांनी नमुना वय, लिंग, वंश यांच्या लोकसंख्येतल्या प्रमाणाशी जुळवून घेतला, पण शिक्षणाच्या नाही. पूर्वी त्याने फारसं बिघडत नसे, कारण शिक्षणानुसार मत इतकं फाटलेलं नव्हतं. त्या वर्षी कॉलेज न झालेले गोरे मतदार मोठ्या प्रमाणात ट्रम्प यांच्याकडे गेले आणि तोच गट नमुन्यात कमी पडला. मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या लॉ स्कूलचा विस्कॉन्सिनमधला शेवटचा पोल क्लिंटन ४६, ट्रम्प ४० असा होता. इथे आघाडीच्या सहापेक्षा उरलेल्या चौदाकडे बघायला हवं होतं: इतके टक्के लोक दोघांपैकी कोणाचंच नाव घेत नव्हते. शेवटच्या आठवड्यात ठरवणाऱ्यांचा कल तिथे ट्रम्प यांच्याकडे मोठा होता. आघाडीला ५० च्या जवळचा टक्का नसेल तर ती कच्ची समजावी.

शिक्षणाचा प्रश्न पुढे बऱ्याच संस्थांनी सुधारला, तरी २०२० मध्ये चूक आणखी मोठी झाली. ऑक्टोबरअखेर एबीसी आणि वॉशिंग्टन पोस्टच्या पोलने विस्कॉन्सिनमध्ये बायडन यांना ५७ विरुद्ध ४० असं पुढे दाखवलं. प्रत्यक्षात फरक २०,६८२ मतांचा. त्या वर्षी राष्ट्रीय पोलची चूकही चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी होती. २०२४ मध्ये आयोवाच्या एका नावाजलेल्या पोलने मतदानाच्या तीन दिवस आधी डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस ४७, ट्रम्प ४४ असा आकडा दिला. नमुना ८०८ जणांचा, संस्थेची ख्याती उत्तम. ट्रम्प तिथे १३ टक्क्यांनी जिंकले.

दर वेळी राज्यांचेच पोल चुकतात असंही नाही, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, कारण २०१६ नंतर तसा ग्रह झाला. २०१२ मध्ये गॅलप या संस्थेचा शेवटचा राष्ट्रीय पोल रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी ४९, ओबामा ४८ असा होता आणि राष्ट्रीय सरासऱ्या लढत जवळपास बरोबरीची सांगत होत्या. ओहायोसह बहुतेक स्विंग राज्यांच्या सरासऱ्या मात्र ओबामांना पुढे दाखवत होत्या. राज्यं खरी ठरली. दोन्ही प्रकारचे पोल एकमेकांशी जुळत नसतील तर त्यातला आपल्याला आवडणारा उचलण्याऐवजी 'कुठेतरी गडबड आहे आणि ती कोणत्या बाजूची ते कळलेलं नाही' असं समजून अंदाज सैल ठेवणं बरं.

आता सगळ्यांत जास्त फसवणारा भाग. सात राज्यांत बरोबरीची लढत असेल तर ती दोघांत साडेतीन-साडेतीन वाटली जातील, असं मन म्हणतं. तसं क्वचित होतं. बिघडलेल्या एकाच तराजूत सात पिशव्या मोजल्या तर सातही एकाच बाजूने चुकीच्या निघतात, तसंच हे. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तिन्ही राज्यं १९९२ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत एकाच पक्षाकडे गेली आहेत. एका राज्यात ज्या गटाला पोल पकडू शकले नाहीत, तोच गट शेजारच्या राज्यातही निसटतो.

२०२४ चंच गणित मांडून बघा. सात स्विंग राज्यं सोडली तर हॅरिस २२६, ट्रम्प २१९. सात राज्यांचे इलेक्टर: पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया १६, नॉर्थ कॅरोलिना १६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६, एकूण ९३. शेवटच्या सरासऱ्यांत या सातही राज्यांत आघाडी दोन-अडीच टक्क्यांच्या आत होती. आता सगळ्या सरासऱ्या ट्रम्प यांच्या बाजूला तीन टक्के सरकवा: सातही त्यांच्याकडे, ३१२ विरुद्ध २२६. तेवढ्याच हॅरिस यांच्या बाजूला सरकवा: ३१९ विरुद्ध २१९. पोल तेच, निकाल दोन टोकांचे, आणि तीन टक्क्यांची चूक ही अगदी नेहमीची चूक आहे. निवडणुकांचे अंदाज बांधणारे नेट सिल्व्हर यांच्या मॉडेलने शेवटी संगणकावर चालवलेल्या निवडणुकीच्या ८०,००० काल्पनिक फेऱ्यांत हॅरिस ४०,०१२ वेळा जिंकल्या. यातून 'निकाल अगदी काठावरचा लागेल' असा अर्थ अनेकांनी काढला. त्या आकड्यात तसं काही म्हटलेलं नव्हतं. कोण जिंकेल हे सांगता येत नव्हतं, पण जो जिंकेल तो बरीचशी राज्यं एकदम घेऊन जाण्याची शक्यता चांगलीच होती.

मतांचा टक्का आणि जिंकण्याची शक्यता यांची गल्लत इथेच होते. ५२ टक्के मतं मिळण्याचा अंदाज म्हणजे बऱ्यापैकी निश्चिंत उमेदवार; ५२ टक्के शक्यता म्हणजे नाणेफेक. २०१६ मध्ये फाइव्हथर्टीएट या अंदाज वर्तवणाऱ्या संकेतस्थळाने क्लिंटन यांना ७१ टक्के शक्यता दिली होती. म्हणजे दहापैकी जवळपास तीन वेळा ट्रम्प. एवढी शक्यता कोणी 'अशक्य' म्हणत नाही.

प्रत्यक्ष वाचताना क्रम असा ठेवावा. सुटा पोल बाजूला ठेवून त्या राज्याची सरासरी घ्या आणि तिच्यात किती पोल आहेत ते बघा. तीन-चार वेगवेगळ्या संस्थांचे पोल नसतील तर तिला सरासरी म्हणू नका. प्रत्येक पोलची मुलाखतींची तारीख बघा, प्रसिद्धीची नव्हे. नमुना 'नोंदणीकृत मतदारां'चा की 'संभाव्य मतदारां'चा, हे तपासा. सप्टेंबरचा पहिल्या प्रकारचा आणि ऑक्टोबरचा दुसऱ्या प्रकारचा शेजारी ठेवून 'कल बदलला' असं म्हणता येत नाही. बदल मोजायचा तर त्याच संस्थेच्या आधीच्या पोलशी मोजा. पक्षाने किंवा उमेदवाराने करवून घेतलेला पोल सोयीचा असेल तेव्हाच बाहेर येतो, म्हणून त्याला कमी वजन द्या. नमुना 'गेल्या वेळी मत कोणाला दिलं' यावर, म्हणजे गेल्या निकालाच्या प्रमाणाशी, जुळवलेला असेल तर आकडा गेल्या वेळच्या निकालाकडे ओढला जातो. तो स्थिर दिसतो, पण मोठा बदल झाला असेल तर तोही झाकतो.

शेवटच्या आठवड्यात सगळेच पोल अधिक-उणे एक टक्क्यात येऊन बसले तर हायसं वाटून घेऊ नका. ८०० जणांच्या नमुन्यांत निव्वळ योगायोगानेसुद्धा आघाडी तीन-चार टक्के इकडेतिकडे हलायला हवी. ती हलत नसेल तर काही संस्था एकटं पडण्याच्या भीतीने आपला वेगळा आकडा दाबत असण्याची किंवा इतरांच्या जवळ आणत असण्याची शक्यता असते. अशा वेळी दहा पोलमध्ये दहा पोलइतकी माहिती नसते.

आणि नेब्रास्काचा दुसरा मतदारसंघ, म्हणजे ओमाहा शहर आणि आसपासचा भाग, यादीतून गाळू नका. वरच्या २२६ मध्ये तिथला एक इलेक्टर धरलेला आहे. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया जिंकून बाकी चार राज्यं हरल्यास हॅरिस यांची बेरीज बरोबर २७० होत होती. ओमाहा गेलं असतं तर २६९–२६९. मग निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं आणि २६ मतं लागतात. राष्ट्रीय पोलमध्ये ओमाहाचे लोक नमुन्यात चार-पाचही नसतात.