कागदी प्रतिकृती, व्हिडिओ गेममधील पात्रांच्या

व्हिडिओ गेममधील पात्राचा घनाकार सपाट कागदावर उलगडून छापायचा, मग तो कातरून, दुमडून आणि चिकटवून पात्र उभे करायचे, असा हा हस्तकलेचा छंद. ‘पेपरक्राफ्ट’ आणि त्याच शब्दाचे जपानी लघुरूप ‘पेपाकुरा’ ही दोन्ही नावे त्याला आहेत. ओरिगामीत सहसा कागद अखंड राहतो व घडीवरच सारी भिस्त असते. येथे कात्री आणि गोंद यांवाचून पाऊल पुढे पडत नाही. घनाकृती उलगडल्यावर मिळणाऱ्या सपाट आकृतीला शालेय गणितात ‘घडणी’ म्हणतात. या नोंदीत तोच शब्द वापरला आहे.

उगम : याबद्दल दोन मते मांडली जातात. पहिले मत या छंदाचे मूळ जपानच्या ‘ताते-बांको’त शोधते. एदो काळाच्या (1603–1868) उत्तरार्धापासून साधारणपणे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही करमणूक तेथे लोकप्रिय होती. लाकडी ठशांनी छापलेल्या कागदांवरील माणसे, घरे, झाडे कातरून काबुकी नाटकातील प्रसंग किंवा गजबजलेले दुकान उभे करीत. होकुसाई या विख्यात चित्रकारानेही असे छापील कागद रचले आहेत. एदो शहरात (आजचे टोकियो) या प्रकाराच्या नावातच कंदिलाचा उल्लेख असे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी हे देखावे दिव्याच्या उजेडात मांडत. (दिवाळीत घरी आकाशकंदील करणाऱ्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल, परंतु त्या साम्यामागे ऐतिहासिक संबंध नाही.)

दुसरे मत युरोपकडे बोट दाखवते. जर्मन नकाशाकार वाल्डझेम्युलरने 1507 मध्ये पृथ्वीचा नकाशा 12 निमुळत्या फाकांत छापला. या फाका कातरून गोलावर चिकटवल्या की पृथ्वीगोल तयार होई. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररच्या 1525 च्या भूमितिग्रंथात बहुफलकांच्या (सपाट फलकांनी बंद झालेल्या घनाकृतींच्या) घडणी आहेत. पुढे फ्रान्समधील एपिनाल येथील छापखान्यांनी आणि जर्मनीत एस्लिंगेन येथे 1831 मध्ये स्थापन झालेल्या श्रायबर प्रकाशनसंस्थेने मुलांसाठी कातरकामाचे छापील कागद काढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1941 पासून, इंग्लंडमध्ये ‘मायक्रोमॉडेल्स’ ही पोस्टकार्डाएवढ्या कागदांवरची मालिका निघाली.

या दोन मतांतील वाद काही अंशी शब्दांचा आहे. ताते-बांकोतील माणसे बहुधा सपाटच असतात, पाठीमागे टेकू देऊन उभी केलेली. तो एक देखावा आहे. सर्व बाजूंनी बंद, हातात घेऊन फिरवून पाहता येईल असा घन ही युरोपीय घडणीची परंपरा. गेममधील पात्रांच्या प्रतिकृती याच दुसऱ्या प्रकारात मोडतात, त्यामुळे तंत्रापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जपानचा वाटा निराळा, आणि तो कमी नाही: अनेक लोकप्रिय पात्रे तेथलीच, आणि घडणी आपोआप काढणारी आज्ञावलीही तेथलीच. टामा सॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या ‘पेपाकुरा डिझायनर’मुळे 2000 नंतरच्या दशकात हा छंद जगभर पोचला. त्याच सुमारास, संगणकीय चित्रणावरील 2004 च्या सिग्राफ परिषदेत, जुन मितानी आणि हिरोमासा सुझुकी यांनी वक्र घनाकृतीच्या जवळ जाणारा आकार कागदाच्या लांब पट्ट्यांतून साधण्याची रीत मांडली.

गणिती बाजू : गणितज्ञ गाउसच्या 1827 च्या प्रमेयानुसार गोलाचा कोणताही भाग ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट पसरवता येत नाही. कागद ताणला जात नाही. म्हणून पॅक-मॅन (1980) वरवर पाहता सर्वांत सोपा असला, तरी कागदात तो अवघडांपैकी आहे. त्याचा पिवळा गोळा करायचा तर वाल्डझेम्युलरप्रमाणे मोसंबीच्या फाकांसारख्या पट्ट्या काढाव्या लागतात, आणि तरीही गोळा थोडा कोनेरी दिसतोच.

उलट 1990 नंतरच्या दशकातील त्रिमितीय पात्रे जणू कागदासाठीच घडवलेली वाटतात. त्या काळच्या यंत्रांना एका वेळी फार बहुकोन रंगवता येत नसत, म्हणून पात्रे मोजक्या सपाट फलकांची असत. 1996 च्या ‘क्रॅश बँडिकूट’मधील नायक 512 बहुकोनांचा होता, असे त्याच्या निर्मात्यांनी सांगितले आहे. हे सारे त्रिकोण आहेत आणि आकृती एकसंध व बंद आहे असे क्षणभर मानू. प्रत्येक त्रिकोणाला 3 कडा, प्रत्येक कड दोघांत सामाईक, म्हणून कडा 768. ऑयलरच्या सूत्राप्रमाणे (शिरोबिंदू − कडा + फलक = 2) शिरोबिंदू 258. संपूर्ण पात्र एकाच तुकड्यात उलगडले तर 512 त्रिकोण एकमेकांना जोडलेले ठेवायला 511 कडांवर घडी येते आणि उरलेल्या 257 कडा कापून पुन्हा चिकटवाव्या लागतात. तुकडा एकाने वाढला की चिकटवायची कडही एकाने वाढते. प्रत्यक्षात पात्राचे हातपाय धडात नुसते घुसवलेले असतात आणि एवढी मोठी घडणी एका पानावर मावतही नाही, त्यामुळे आकडे बदलतात. कामाचा अंदाज मात्र यावरून येतो.

उलगडलेले भाग एकमेकांवर चढता कामा नयेत, ही दुसरी अडचण. प्रत्येक बहिर्वक्र (कोठेही आत खोलगट नसलेला) बहुफलक कडांवरून कापून, असा चढाव न होता, एका तुकड्यात उलगडता येतो का, हा प्रश्न ड्यूररच्या नावाने ओळखला जातो. गणितज्ञ शेफर्डने 1975 मध्ये तो नेमक्या शब्दांत मांडला आणि तो आजही सुटलेला नाही. गेममधील पात्रे तर बहिर्वक्रही नसतात. कारागीर हा प्रश्न न सोडवताच पुढे जातो: चढाव आला की तुकडा वेगळा करतो.

चित्रावरण आणि घडणी : त्रिमितीय पात्रावर रंग चढवण्यासाठी संगणकही त्याची कातडी सोलून सपाट चित्रात पसरवतो. हे चित्र, म्हणजे चित्रावरण, हीच घडणी, असा समज होऊ शकतो. तो बरोबर नाही. चित्रावरणात एखादा भाग ताणला किंवा आक्रसला तरी चालते, दोन भागांना एकच चित्र वापरले तरीही चालते. कागदाला यातले काही चालत नाही.

‘माइनक्राफ्ट’ (पूर्ण आवृत्ती 2011) हा ठळक अपवाद. त्यातील स्टीव्ह या पात्राचे डोके 8×8×8, धड 8×12×4 आणि प्रत्येक हात व पाय 4×12×4 पिक्सेलचा ठोकळा आहे. त्याचे चित्रावरण जवळजवळ तयार घडणीच असते: डोक्याच्या चार बाजू एका पट्टीत आणि माथा व तळ हे दोन चौरस वर. तळाचा चौरस खाली आणून नीट फिरवला, कडांना चिकटवायच्या जिभा जोडल्या, की काम झाले. एका पिक्सेलला 5 मिमी धरले तर स्टीव्ह 16 सेंमी उंच होतो आणि डोक्याची 16×12 सेंमीची घडणी ए-4 कागदावर आरामात बसते. मूळच्या 64×32 चित्रात दोन्ही हातांना (आणि दोन्ही पायांना) एकच चित्र उलटसुलट वापरले जाई; 2014 मध्ये चित्र 64×64 झाले आणि डावे-उजवे स्वतंत्र झाले. नवशिक्याने सुरुवात येथून करावी.

द्विमितीय पात्रे : ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (1985) मधील लहान मारिओ 8×8 पिक्सेलच्या चार तुकड्यांचा आणि पारदर्शक जागा सोडून तीन रंगांचा आहे. महाराष्ट्रातील अनेकांना तो टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांतून आणि त्यांच्या कॅसेटींतून माहीत झाला. या मारिओला मागची बाजूच नाही, ती कारागिराला कल्पनेने भरावी लागते. काही जण प्रत्येक पिक्सेलला जाडी देऊन ठोकळ्यांची आकृती करतात. काही 1996 च्या ‘सुपर मारिओ 64’मधील त्रिमितीय रूप आधाराला घेतात. मोजक्या ठिपक्यांत केस दाखवणे अवघड म्हणून टोपी आणि तोंड दाखवणे अवघड म्हणून मिशी, असे मारिओचे निर्माते मियामोतो यांनी या पात्राबद्दल सांगितले आहे. कागदात तोंडही दाखवता येते, केसही. तरी टोपी आणि मिशी कोणी काढत नाही.

साहित्य व कृती : नेहमीचा 70–80 जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद लेचापेचा पडतो, 160 ते 200 जीएसएमचे कार्डशीट योग्य. कटर, स्टीलची पट्टी, चिमटा आणि पांढरा गोंद पुरतो. दुमडण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी लावून रेघ दाबून घेतात, म्हणजे घडी सरळ येते. बाहेर फुगणारी घडी (डोंगर) आणि आत जाणारी घडी (दरी) वेगवेगळ्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. इंकजेटची शाई ओल्या गोंदाने फुटते, हे बहुतेकांना पहिली प्रतिकृती बिघडल्यावर कळते. शेवटची जीभ आतून दाबता येत नाही, म्हणून ती पाठीमागे किंवा तळाशी येईल असा क्रम लावावा. कातरलेल्या कडांची पांढरी रेघ त्याच रंगाच्या स्केचपेनने झाकतात.

इतर उपयोग व हक्क : अंगावर घालायची शिरस्त्राणे व चिलखते याच पद्धतीने करतात, ‘हेलो’ या गेममालिकेतील शिरस्त्राण त्यांत विशेष प्रिय. कागदी साचा रेझिन व काचतंतूंनी कडक केला जातो. ‘टेअरअवे’ (2013) या गेममध्ये खेळताना मिळवलेल्या घडणी छापून खरोखर करता येत. निंटेंडोच्या ‘लाबो’त (2018) पुठ्ठ्याचे आधीच कापलेले भाग गोंदाविना जोडायचे असतात, त्यांतून पियानो किंवा मासेमारीचा गळ तयार होतो, पात्रे नव्हेत. पात्रांचे प्रताधिकार संबंधित कंपन्यांकडे असल्याने हौशी घडणी सहसा विनामूल्य वाटल्या जातात. त्या विकणे हा वेगळा, कायदेशीर परवानगीचा विषय आहे.