दूरध्वनी आणि इंग्रजी शब्दयोगी अव्यये

फोनविषयी इंग्रजीत बोलताना टू, फ्रॉम, ऑन, ॲट, ओव्हर, बाय यांपैकी काय वापरायचे, हा व्याकरणातला लहानसा पण चिवट विषय. इंग्रजीत ही अव्यये नामाच्या आधी येतात, मराठीत नंतर. पण घोटाळा जागेमुळे होत नाही, प्रत्ययाला प्रतिशब्द शोधल्यामुळे होतो.

‘आईला फोन केला’ यातल्या ‘ला’चा ‘टू’ होतो आणि ‘आय कॉल्ड टू माय मदर’ असे चुकीचे वाक्य तयार होते. कॉल, फोन, रिंग ही क्रियापदे सरळ कर्म घेतात: ‘आय कॉल्ड माय मदर’. कॉल नाम झाला, की मात्र टू हवाच: ‘अ कॉल टू माय मदर’.

बडोद्यात याला आणखी एक फाटा फुटतो. गायकवाडांच्या काळापासून इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांत गुजराती सहज मिसळते. ‘मम्मीने फोन कर’ हे गुजरातीत शुद्ध वाक्य आहे. अर्थ, मम्मीला फोन कर. मराठी कानाला मात्र यात फोन करणारी मम्मीच वाटते. दांडिया बाजारातल्या एखाद्या घरात नातवाने असे म्हटले, तर आजी विचारणारच, ‘अरे, कुणी कुणाला?’ ‘ने’ तोच, दिशा उलटी. इंग्रजीत या दोन दिशा टू आणि फ्रॉम वाटून घेतात. म्हणून ‘त्याचा फोन आला’ याचे सरळ इंग्रजी ‘आय गॉट अ कॉल फ्रॉम हिम’. ‘हिज फोन केम’ नव्हे.

‘फोनवर’ला तीन पर्याय आहेत. बोलणे चालू असेल तर ‘शी इज ऑन द फोन’. इथे ओव्हर चालत नाही. एखादी गोष्ट फोनवरून कळवली तर ‘ओव्हर द फोन’ किंवा ‘बाय फोन’, आणि ‘बाय’नंतर ‘द’ येत नाही. जुन्या ब्रिटिश इंग्रजीत ‘ऑन द टेलिफोन’ म्हणजे घरी टेलिफोन असणे, असाही अर्थ होता.

नंबराआधी ब्रिटिश लोक ऑन म्हणतात, अमेरिकन ॲट. ‘या नंबरवर’ म्हणणाऱ्या आपल्याला ऑन जवळचा. पण ‘आय कॉल्ड ऑन हिम’ म्हटले, की फोन राहतो बाजूला. त्याचा अर्थ, मी त्याला भेटून आलो.

‘शी हंग अप ऑन मी’ म्हणजे बोलणे अर्ध्यावर तोडून तिने फोन ठेवला. रिसीव्हर आकड्याला टांगून ठेवत, तेव्हाचा हा प्रयोग. इथला ऑन मराठी माणसाला शिकवावा लागत नाही: तोंडावर फोन आपटला.