बॅगेत किराईत घालू का?

मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा, फोन ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आला. मागे हातगाड्यांचा गलका आणि त्यावर तिचा आवाज: “कालमेघ आणि किराईत एकच ना गं? हा दुकानदार हो म्हणतोय, पण मला तुला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.” ताईचा मुलगा कनेक्टिकटला असतो. तिथे त्याला गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम नावाचा आजार झाला. गोळ्यांचा कोर्स पूर्ण होऊन पाच महिने उलटले, तरी गुडघे आणि थकवा पाठ सोडत नाहीत. आता कुठल्या तरी ग्रुपवर त्याला वनस्पतींची एक यादी मिळाली आहे, त्यात कालमेघ आहे. पुढच्या रविवारी ताईचं विमान.

फार्मसी कॉलेजात औषधी वनस्पती शिकवण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. त्यामुळे घरच्यांच्या लेखी मी वैद्य आहे, कितीही नाही म्हटलं तरी. मी तिला सांगितलं, काही घेऊ नकोस, आधी घरी ये. ती पाचपाखाडीला आली ती अर्धा किलोची पुडी घेऊनच.

पुडी उघडून पाहिली. नशिबाने खरंच कालमेघ होता, म्हणजे अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, ज्याला कोकणात ओलं किराईत म्हणतात. काडेकिराईत हे हिमालयातलं वेगळंच झाड, स्वर्शिया नावाचं. दोन्ही कडूजहर, दोन्ही तापावर देतात आणि नाव जवळजवळ एकच. वाळलेल्या काड्यांचा चुरा झाला की दुकानदाराचीही फसगत होते. कुठल्याही वनस्पतीबद्दल बोलायचं तर आधी हातात नेमकं काय आहे ते ठरवावं लागतं, म्हणून हे सांगितलं.

लाइम म्हणजे काय, हे ठाण्याच्या माणसाला सांगायला सोपं आहे, कारण त्याचा चुलतभाऊ आपल्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलो की डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात, ते लेप्टोसाठी. लेप्टोस्पायरा आणि लाइमचा बोरेलिया हे दोघेही मळसूत्रासारखे पिळदार जिवाणू, एकाच मोठ्या घराण्यातले. दोघांचं बिऱ्हाड उंदरांत. फरक एवढाच, की लेप्टो उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतो आणि बोरेलिया गोचिडीच्या तोंडातून माणसात. आणि गंमत म्हणजे लाइमवरचं पहिल्या पसंतीचं औषधही तेच, डॉक्सिसायक्लिन. ताईच्या मुलाने तीन आठवडे घेतलेली गोळी ताईच्या स्वतःच्या औषधाच्या डब्यात 2005 च्या पुरापासून दर जुलैत असते.

रोगाला नाव मिळालं ते कनेक्टिकटमधल्याच लाइम गावावरून. 1975 च्या सुमारास तिथल्या मुलांचे गुडघे एकामागोमाग एक सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचा संधिवात. पण एकाच रस्त्यावरच्या इतक्या मुलांना एकदम संधिवात कसा होईल, हा प्रश्न आयांनी लावून धरला. पॉली मरी या त्यांतल्या एक, त्यांनी स्वतः नोंदी ठेवल्या होत्या. कारण सापडायला 1981 उजाडलं. विली बुर्गडॉर्फर या संशोधकांना गोचिडीच्या पोटात हे पिळदार जिवाणू दिसले आणि पुढे जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं, बोरेलिया बुर्गडॉर्फेरी.

ताईने मध्येच विचारलं, मग येऊरच्या जंगलात फिरायला जायचं की नाही? जा की. लाइम पसरवणारी गोचीड इक्झोडीस प्रजातीची, थंड प्रदेशातली. भारतात ईशान्येकडून, हिमाचलातून, केरळच्या वायनाडमधून तुरळक रुग्णांच्या नोंदी आहेत. ठाण्याच्या कुत्र्यांवर दिसते ती गोचीड वेगळी. गोचीड म्हणजे निरुपद्रवी असा त्याचा अर्थ नाही, सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप गोचिडीनेच आणला. पण तो विषाणूचा आजार आहे, त्याची गोष्ट निराळी.

आता मुख्य गोष्ट. लाइम लवकर ओळखला तर बहुतेक लोक दोन ते चार आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बरे होतात. त्वचेवर पसरत जाणारा लालसर चट्टा ही ओळखीची खूण, साधारण सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांत दिसते. पण दर शंभरातल्या पाच-दहा जणांना औषधानंतरही महिनोन् महिने थकवा, सांधेदुखी, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं हे चालूच राहतं. यालाच लोक क्रॉनिक लाइम म्हणतात. डॉक्टरांचा या नावाला आक्षेप आहे, कारण नावातच गृहीत धरलंय की जिवाणू अजून आत जिवंत आहे. त्रास खरा आहे, याबद्दल मात्र वाद नाही, आणि ताईला माझ्याकडून आधी तेच ऐकायचं होतं. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने तिच्या मुलाला, तुम्ही मनावर घेताय, असं सांगितलं होतं. अशा वेळी माणूस ग्रुपवरच्या यादीकडे वळला तर त्याला हसू नये.

मग प्रतिजैविकं आणखी लांबवायची का? हे करून पाहिलंय. नेदरलँड्समध्ये 280 रुग्णांवर केलेल्या चाचणीत सुरुवातीच्या दोन आठवड्यांच्या इंजेक्शनांनंतर काहींना आणखी बारा आठवडे प्रतिजैविकं दिली, काहींना नुसत्या खोट्या गोळ्या. 2016 मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत फरक नव्हता.

वनस्पतींचा शिरकाव इथे होतो. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं वाढत्या, विभागत्या जिवाणूवर जोरात चालतात. अन्न संपलेल्या, वाढ थांबलेल्या संवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंच्या नमुन्यात मात्र बोरेलिया गोल गठडी होऊन किंवा एकमेकांना चिकटून पडून राहतो आणि तेव्हा ही औषधं तितकी लागू पडत नाहीत. मुंबईच्या लोकलमध्ये दारातल्या माणसाला ढकलून उतरवणं सोपं, पण आत कोपऱ्यात झोपलेला उठत नाही, तसं. हे झोपलेले जिवाणू कशाने मरतात, हा प्रश्न जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या यिंग झँग यांच्या गटाने घेतला. 2020 मध्ये त्यांनी रुग्णांत लोकप्रिय असलेले वनस्पतींचे अर्क अशा संवर्धनावर घालून पाहिले.

निकाल लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. घानामधल्या क्रिप्टोलेपिस सँग्विनोलेंटा या वेलीचा एक टक्का अर्क सात दिवस ठेवला, मग धुऊन जिवाणूंना तीन आठवडे ताज्या खाद्यात ठेवलं, तरी एकही उगवला नाही. डॉक्सिसायक्लिनला हे जमलं नव्हतं. काळा अक्रोड, जपानी नॉटवीड, आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ, पेरूमधली मांजरनखी, चिनी स्कलकॅप यांचेही अर्क चांगले चालले. आणि नापास कोण? कालमेघ. त्याच्याबरोबर गोड पानांची स्टीव्हिया. 2015 मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेने स्टीव्हियाच्या पानांच्या अर्काने बोरेलिया मरतो असं छापलं होतं आणि लोकांनी तेव्हापासून स्टीव्हियाच्या बाटल्या रिचवल्या होत्या. दुसऱ्या हातांनी केल्यावर ते टिकलं नाही.

ताईचा चेहरा पडला. “म्हणजे आपला नापास आणि आफ्रिकेतला पास?” तिला ते अपमानासारखंच वाटलं. मला वाटतं, वनस्पतींबद्दलच्या आपल्या निम्म्या गप्पा इथेच बिघडतात. कालमेघ इतर कुठल्या दुखण्यावर उपयोगी पडेलही, पण या जिवाणूवर, या परीक्षेत त्याने काही केलं नाही. एकदा प्रयोगशाळेची साक्ष काढली की ती आपल्या विरुद्ध गेली तरी मानावी लागते.

बरं, पास झालेल्यांचं काय? इथे मी कागदावर हिशोब मांडला. एक टक्का अर्क म्हणजे शंभर मिलीलिटरला एक. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त. नुसत्या रक्तात तेवढी तीव्रता आणायची तर पन्नास मिलीलिटर अर्क, खोकल्याच्या बाटलीचा अर्धा, एकाच वेळी रक्तात हवा. पण अर्क रक्तात थांबत नाही, सगळ्या शरीरातल्या चाळीसेक लिटर पाण्यात पसरतो. म्हणजे चारशे मिलीलिटर, तेही आतड्यातून पुरतं शोषलं जाऊन आणि यकृताने हात न लावता. यकृत तर आलेल्या प्रत्येक परक्या रेणूचा समाचार घेतंच. थेंबांची बाटली या आकड्याच्या आसपासही जात नाही. शिवाय क्रिप्टोलेपिसमधला क्रिप्टोलेपिन हा अल्कलॉइड डीएनएच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये जाऊन बसतो. तो डीएनए जिवाणूचा आहे की आपला, हे तो विचारत नाही.

स्वयंपाकघरातही हेच. 2017-18 मध्ये त्याच गटाने पन्नासहून जास्त सुगंधी तेलं तपासली. ओरिगानो, दालचिनी, लवंग, लसूण ही वरच्या रांगेत आली. ओरिगानोमधला कार्वाक्रॉल विशेष तेज निघाला. हा कार्वाक्रॉल कुठे भेटतो माहीत आहे? ठाण्यातल्या निम्म्या गॅलऱ्यांमध्ये कुंडीत लावलेल्या पानओव्यात. आपल्या साध्या ओव्यातला थायमॉल त्याचाच जुळा, अणू तेच, एक ओएच गट फक्त दुसऱ्या जागी. ताई लगेच म्हणाली, मग पानओव्याची भजी! भजी जरूर खा, पण ती पानओव्याची भजी म्हणून. परीक्षानळीत घातलेलं तेल निव्वळ होतं. लवंगेचं निव्वळ तेल चमचा-दोन चमचे लहान मुलाच्या पोटात गेल्याने यकृत निकामी झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. वनस्पती हे रेणू आपल्यासाठी बनवत नाही. ती किडे, बुरशी, शेजारची झाडं यांच्याशी भांडायला बनवते. काळ्या अक्रोडाखाली टोमॅटो लावून पाहा, त्यातला जुग्लोन टोमॅटोला माना टाकायला लावतो.

यादीतल्या आर्टेमिसिया अ‍ॅन्युआची गोष्ट मात्र मला दरवर्षी वर्गात सांगायला आवडायची. तिच्यातल्या आर्टेमिसिनिनने मलेरियाचं चित्र बदललं. चिनी संशोधक यूयू तू यांना सुरुवातीला अर्कात धड गुण सापडत नव्हता. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा असं लिहिलेलं होतं, उकळायला सांगितलं नव्हतं. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेने रेणू मोडत असावा. त्यांनी पस्तीस अंशांना उकळणारा ईथर वापरून अर्क काढला आणि तो लागू पडला. 1972 मध्ये शुद्ध रेणू हाती आला, 2015 मध्ये नोबेल. पण मधल्या वर्षांत काय झालं ते बघा: रेणू वेगळा केला, रचना शोधली, त्यात बदल करून जास्त टिकणारी रूपं बनवली, मात्रा ठरवली, माणसांवर चाचण्या घेतल्या. आज जागतिक आरोग्य संघटना मलेरियावर या वनस्पतीचा चहा पिऊ नका म्हणते, कारण त्यात औषध किती उतरलं हे कुणालाच ठाऊक नसतं आणि अपुऱ्या मात्रेने परजीवी निर्ढावतो. चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणाही आर्टेमिसियाच, पण नातं आहे म्हणून रेणू तोच असेल असं नाही. आणि याच रेणूच्या पूरक गोळ्या घेतलेल्या एका माणसाला अमेरिकेत 2008 मध्ये यकृताचा दाह झाल्याची नोंद सरकारी आरोग्य संस्थेने केली आहे.

लाइमसाठी यातला माणसांवरच्या चाचण्यांचा मोठा टप्पा अजून पुढेच आहे. त्याच्याही आधीचा एक प्रश्न मला जास्त सतावतो. 2019 मध्ये व्हर्जिनिया टेकच्या ब्रँडन युट्रास यांच्या गटाने उपचारांनंतरही लाइमचा संधिवात राहिलेल्या रुग्णांच्या गुडघ्यांतलं पाणी तपासलं. त्यात बोरेलियाच्या भिंतीचे तुकडे सापडले. घरातून चोर केव्हाच गेला, पण फुटलेल्या काचा राहिल्या आणि पाय कापतोय तो त्या काचांनी. काही रुग्णांत खरंच असं असेल तर झोपलेला जिवाणू मारणारा उत्तमातला उत्तम अर्कही काय करणार? तिथे दाह शमवण्याचा विचार करावा लागेल, आणि तो ताईच्या मुलाने सांध्यांच्या डॉक्टरकडे जाऊन करायचा.

ताईने सगळं ऐकलं आणि तिच्या स्वभावाप्रमाणे मुद्द्यावर आली. “म्हणजे झाडांचा उपयोग नाही म्हणतेस.”

आहे ना, चावण्याच्या आधी. गोचीड चिकटल्यापासून बोरेलिया अंगात यायला साधारण एक दिवसाहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे तिला दूर ठेवणं किंवा त्याच दिवशी चिमट्याने उपटणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. आणि दूर ठेवण्यात झाडांनी कमाल केली आहे. शेवंतीच्या एका भावंडाच्या फुलांतल्या पायरेथ्रिनवरून बेतलेलं पर्मेथ्रिन कपड्यांना लावलं की गोचीड मरते. आपल्या डासांच्या कॉइलमधलं औषधही त्याच घराण्यातलं. ग्रेपफ्रूटच्या सालीतल्या नूटकाटोनला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2020 मध्ये किडे पळवण्यासाठी मान्यता दिली. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून केलेलं पीएमडी नावाचं किडे पळवणारं द्रव्यही तिथे दुकानात मिळतं. इथे एक घोळ टाळायला हवा. सर्दीला हुंगतो ती बाटली वेगळ्या निलगिरीची, तिच्यात सिनिऑल, ते या कामाचं नाही. आणि पीएमडीचं तेल तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नाही, हे मी ताईला दोनदा सांगितलं, कारण नातू अडीच वर्षांचा आहे.

शनिवारी बॅगेचं वजन करायला मी तिच्याकडे गेले. मेतकूट, गोडा मसाला, नातवाची झबली. वर पांढऱ्या लांब मोज्यांच्या सहा जोड्या, विजार आत खोचली की खसखशीएवढी गोचीडही पांढऱ्यावर दिसते म्हणून. मोजे तिने स्वतःच गोखले रोडवरून आणले होते. कालमेघाची पुडी ओट्यावरच होती.

“ती राहू दे तुझ्याकडे,” ती म्हणाली, “पण टाकून देऊ नकोस हं. दीडशे रुपये दिलेत.”