शंकूच्या फटीपासून रोव्हरपर्यंत: मोजणीतल्या नेमाची पार्श्वभूमी

खानदेशात नेमाचा विषय निघाला की कुणीतरी वरणगावच्या दारूगोळा कारखान्याचं नाव काढतंच. तिथं काडतूस बनतं. नेम धरणं हे पुढे बंदूक हातात घेणाऱ्याचं काम. या भागात नेमाच्या साधनांवरून खरी भांडणं पेटली ती शेताच्या बांधावर, आणि तीही पावणेदोनशे वर्षांपासून.

१८५२ मध्ये कंपनी सरकारची जमीन मोजणी इथं सुरू झाली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात लोक तिच्याविरुद्ध उठले. मोजणी म्हणजे साराबंदी, म्हणजे जमिनीवरचा सारा नव्याने ठरवणं, आणि साराबंदी म्हणजे वाढीव सारा, हा त्यांचा हिशेब होता. शेवटी फौज आणून दंगा मोडला गेला. मोजणारे जी साधनं घेऊन फिरत ती अगदी साधी होती: साखळी आणि शंकू. शंकू म्हणजे जमिनीत रोवलेली काठी, तिच्या डोक्यावर काटकोनात कापलेल्या फटींच्या दोन जोड्या. एका जोडीतून पायारेषेवरचं, म्हणजे शेतातून आखलेल्या मूळ सरळ रेषेवरचं, निशाण बघायचं, दुसरीतून बांधाचा कोपरा. कोपरा बरोबर फटीत येईपर्यंत काठी रेषेवर मागेपुढे सरकवायची, मग तिथून कोपऱ्यापर्यंत साखळी टाकायची. आकडे टिपणात, म्हणजे शेताच्या हाताने काढलेल्या कच्च्या आकृतीवर, जायचे; क्षेत्र गुणाकार बुकात.

हे तत्त्व बंदुकीच्या खाच आणि माशीचंच: डोळा, जवळची खूण, लांबची खूण आणि लक्ष्य एका ओळीत. पुढे आलेल्या प्लेन टेबलावरच्या, म्हणजे तिपाईवर ठेवलेल्या सपाट फळीवरच्या, पट्टीलाही तेच लागू. एका टोकाला बारीक फट, दुसऱ्या टोकाला उभा ताणलेला दोरा. फरक एवढाच, की इथं नेम धरला की त्याच पट्टीच्या कडेने पेन्सिल ओढायची. नकाशा शेतातच तयार.

दुर्बिणीने मोठा बदल केला. उघड्या खाचेत डोळ्याला एकाच वेळी जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट दिसत नाही. १६४० च्या सुमारास इंग्लंडातल्या एका हौशी खगोलनिरीक्षकाने दुर्बिणीत जिथं प्रतिमा तयार होते त्याच जागी बारीक धागा बसवला, आणि धागा व तारा एकाच पातळीत दिसू लागले. पुढे कितीतरी काळ या कामाला कोळ्याचं सूत वापरलं गेलं. आता काचेवर कोरलेली फुली असते. ही फुली नीट जुळली आहे का, हे बघायची रीत आजही तीच: डोळा किंचित इकडेतिकडे हलवायचा. फुली निशाणावरून सरकली तर जुळणी कच्ची आहे. बंदुकीवर दुर्बीण रुळायला एकोणिसावं शतक निम्मं उलटावं लागलं, आणि काचेवर उजेडाचा ठिपका दाखवणारी परावर्तक माशी १९०० सालची. नेमाच्या बाबतीत मोजणीवाले शिपायांच्या पुढे होते, हे सहसा कुणी सांगत नाही.

कोन मोजणारं थिओडोलाइट आणि त्यानंतरचं ईटीएस, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, या दोन्हींत दुर्बीण टिकली. ईटीएस समोरच्या खुणेवर धरलेल्या प्रिझमवर (किरण परत फिरवणाऱ्या काचेवर) किरण टाकून अंतर स्वतः काढतं, पण नेम माणूसच धरतो. काळ्या रानात मे महिन्यातल्या दुपारी फुलीखालचं प्रिझम नाचायला लागतं, म्हणून सकाळची वेळ गाठली जाते. बांधावर उभा असलेला शेतकरीही म्हणू शकतो, "भाऊसाहेब, माले बी देखू द्या." आणि डोळा लावून बघतोही. त्याला सगळं कळतं असं नाही, पण आपल्या कोपऱ्यावर रोख धरलाय की शेजाऱ्याच्या, एवढं नक्की कळतं.

रोव्हरला, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या काठीवरच्या यंत्राला, डोळाच नाही. काठी कोपऱ्यावर उभी करायची, बुडबुडा मध्यभागी आणायचा, उपग्रहांचे संकेत आणि जवळच्या स्थिर केंद्राची दुरुस्ती मिळाली की दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जागा सापडते. कामाचा वेग प्रचंड वाढला, यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर, म्हणजे ही ताजी मोजणी जुन्या नकाशावर बसवायच्या निर्णयावर.

जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्त. त्याहून बारीक वाचायचं तर अंदाज आला. टिपण तर प्रमाणात काढलेलं चित्रही नव्हे. आकडे खरे, आकृती हातची. या आकड्यांवरून उभा केलेला नकाशा सेंटिमीटरच्या मोजणीवर ठेवला की तो सगळीकडे जुळत नाही, आणि जुळणारही नाही. मग कुठला दगड पक्का धरायचा? शिवेचा धरला तर एका गटाचा बांध सरकतो, विहिरीजवळचा धरला तर दुसऱ्याचा. त्यात वर्षानुवर्षं बांध कोरणारा शेजारी असेल तर जागेवरची वहिवाट तिसरंच सांगते. ही निवड संगणकावर होते. शेतकऱ्याच्या हातात येते ती 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, आणि कुठला दगड का धरला, हे तिच्यावरून त्याला उमगत नाही. त्याला ते बांधावरच दाखवून सांगावं, एवढी साधी मागणी अवाजवी म्हणता येत नाही. यंत्र चुकत नाही, असं उत्तर देऊन उपयोग नाही. तक्रार यंत्राबद्दल नसतेच.

त्यामुळे निमताना मोजणीचे, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचे, अर्ज होतात, तिथंही समाधान झालं नाही तर सुपर निमताना, म्हणजे त्याच्याही वरची फेरमोजणी. तोवर बांधावरची भाऊबंदकी थांबत नाही.

रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. उभ्या बागेत ईटीएसला समोरचं निशाण दिसत नाही, आणि दाट पानांखाली रोव्हरला आभाळ पुरत नाही. त्यामुळे तिथं मोकळ्या कडेवरचे बिंदू रोव्हरने घ्यायचे आणि आतले कोपरे तिथून ईटीएसने किंवा टेपने गाठायचे, अशी मिश्र पद्धत चालते. नाहीतर बाग निघेपर्यंत थांबायचं.