मोटार जळाली तर आधी कोणाला सांगायचं, आणि तक्रार वरपर्यंत कधी न्यायची?

(आमच्याकडून सबमर्सिबल मोटार, पॅनल, केबल घेतलेल्या शेतकरी बांधवांसाठी)

मे हीटमध्ये केळी निसवणीला (घड बाहेर पडायला) आलेली असते आणि नेमकी तेव्हाच मोटार जळते. यावल-रावेरकडे हे कोणाला नवीन नाही. घाईघाईत गावातला मिस्त्री बोलावला जातो, तो मोटार खोलतो आणि वॉरंटीचा विषय तिथेच संपतो. कंपनीचा माणूस आधी मोटार खोललेली आहे का ते पाहतो, वायंडिंग नंतर. म्हणून मोटार बोअरमधून वर काढली तरी आम्ही पाहिल्याशिवाय खोलू देऊ नका.

पॅनल ट्रिप होत (आपोआप बंद पडत) असेल तर स्टार्टरचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. मीटरवर तिन्ही फेजचं व्होल्टेज दिसतं, त्याचा मोबाईलवर फोटो काढा. ४१५ च्या जागी ३२०-३३० दिसत असेल तर नवी कोरी मोटारही जास्त ॲम्पियर ओढून तापते आणि जळते. एक फेज गेला आणि प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण) बायपास केलेला असेल (बरेच जण करतात, पाणी थांबू नये म्हणून), तरी तेच.

व्होल्टेजची तक्रार आमच्याकडे करून उपयोग नाही. ती महावितरणकडे, १९१२ वर करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. फरक पडला नाही तर त्या डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्यांनी मिळून उपविभाग कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. लाईनमनला दहादा तोंडी सांगितलेलं कुठेच धरलं जात नाही. अर्जालाही दाद मिळाली नाही, तर महावितरणचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

व्होल्टेज बरोबर असूनही मोटार गेली, तर दुकानात फोन करा. फोनवर बोलणं झालं तरी व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका, म्हणजे तारीख राहते. दोन दिवसांत आमचा माणूस आला नाही तर थेट मालकांना फोन लावा. नंबर बिलावर आहे. यात आम्हाला वाईट वाटायचं काही कारण नाही. पॅनलच्या पत्र्याला करंट लागत असेल तर मात्र दोन दिवस कसले, मेन स्विच पाडा आणि रात्री-बेरात्रीही फोन करा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मोटार दिली की जॉब कार्ड (मोटार जमा केल्याची नोंद) घेतल्याशिवाय निघू नका. ‘वॉरंटीत बसत नाही’ असं म्हणाले तर कारण लेखी मागा. तिथे नुसत्या तारखा मिळायला लागल्या की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. ते तक्रार कंपनीपर्यंत पोचवतात, पण निकाल देत नाहीत. निकाल लागतो जिल्हा ग्राहक आयोगात. तुम्ही जळगाव, धुळे, नंदुरबार, ज्या जिल्ह्यात राहता तिथेच अर्ज करता येतो. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षे. कंपनीच्या चकरा मारण्यात ती संपू देऊ नका. आमचंही नाव अर्जात घालावं लागलं तर घाला, माल आम्हीच विकलेला असतो.

यातल्या प्रत्येक ठिकाणी पहिली मागणी पक्क्या बिलाची होते. कच्च्या चिठ्ठीवर माल नेऊ नका. बिल हरवलं असेल तर मोटारीच्या पट्टीवरचा सिरियल नंबर कळवा, दुसरी प्रत काढून देऊ.